हरकत नसलेला हेर

या, असे जवळ सरका. दाराशी बसलात तर अर्धी गोष्ट वाराच ऐकून जाईल. आज एका हेराची कथा लावली आहे. सरकारी हेर, पक्का ब्रिटिश. काळी गोल टोपी, मिटलेली छत्री, सगळं जिथल्या तिथं. कथेत पिस्तूलही आहे, पण ते उडेल म्हणून कानांवर हात ठेवून बसू नका. आमच्या हेराने उभ्या जन्मात काही उडवलं असेल तर ती टोपीवरची धूळ. आणि तो हेर झाला कसा म्हणाल, तर कुणाला 'नाही' म्हणायची लाज वाटली म्हणून.

त्याचं नाव इद्वल प्रॉबर्ट. वेल्सच्या किनाऱ्यावर अबरवेन नावाचं गाव, तिथल्या टोप्यांच्या दुकानात तो विक्रेता होता. काळ साठ-पासष्ट सालचा. पोरं केस वाढवून बोडक्याने हिंडायला लागली होती आणि टोप्या घालणारी जुनी माणसं एकेक करून देवाघरी चालली होती. तिथे टोपी चालत नाही म्हणतात. त्यामुळे इद्वलला दिवसभर काम एकच, टोप्या पुसायच्या आणि आकाराप्रमाणे लावायच्या. मोठी उजव्या कोपऱ्यात, मग लहान, मग आणखी लहान. काठाने टांगलेली टोपी दिसली की त्याचा हात आपोआप तिच्याकडे जायचा. कुणाच्या घरी पाहुणा म्हणून गेला तरी आधी खुंटाळी नीट करायचा, मग यजमानांना नमस्कार.

रविवारी मात्र इद्वल राजा. गावच्या चॅपलमध्ये, आपण त्याला देऊळच म्हणू, तो सगळ्यांत खालच्या पट्टीत गायचा. त्याचा आवाज इतका खालून यायचा की बाकावर बसलेल्यांना तो कानाआधी बुडाला कळायचा. पण गाणं संपलं, कुणी काही विचारलं, की त्या घनगंभीर गळ्यातून बाहेर पडायचं एकच वाक्य: "माझी काही हरकत नाही."

देवळातली पेटी वाजवायची नेस्टा हॉवेल्स. गावात तिचं लोकरीचं दुकान होतं. इद्वलचा तिच्यावर जीव, तिचा इद्वलवर, आणि हे सबंध गावाला माहीत. समुद्रावरच्या पाखरांनाही माहीत असावं. माहीत नव्हतं ते फक्त नेस्टाच्या वडिलांना, कारण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मिस्टर हॉवेल्स म्हणजे देवळाचे मुख्य पंच. माणूस भला, पण डोकं असं अवाढव्य की त्यांची टोपी लंडनला खास बनवून घ्यावी लागे. मागच्या वर्षीच्या सुगीच्या चहाला इद्वल सगळा धीर एकवटून त्यांच्याशेजारी जाऊन बसला. बसला तो नेमका त्या टोपीवर. पापड मोडावा तसा आवाज झाला. मागणी राहिली बाजूला, इद्वल म्हणाला, "नवीन आणून देतो."

यंदाची सुगी आली तेव्हा नेस्टाने त्याला दुकानात गाठलं.

"टोपी तयार आहे म्हणून लंडनहून कळवलंय ना?"

"हो. शुक्रवारी जाऊन आणतो."

"आण. रविवारी उपासना झाली की चहा आहे. बाबांच्या हातात टोपी दे आणि त्याच दमात विचारून टाक. ह्यूबर्ट गॉफने मला विचारलंय."

"लोखंडी सामानवाला?"

"तोच. खिळे मोजतो तसं बोलतो, पण बोलतो तरी. रविवारच्या चहाला तुझं तोंड उघडलं नाही, तर सोमवारी मी त्याला हो म्हणणार. मग तू आमच्या लग्नात गा, खालच्या पट्टीत."

इद्वल नेहमीचं वाक्य बोलायच्या बेतात होता. नेस्टाने नुसतं त्याच्याकडे बघितलं, तसं त्याने ते गिळलं.

शुक्रवारी तो लंडनला पोचला. टोपी घेतली, खोक्यात घातली, खोका छातीशी धरला आणि स्टेशनकडे जाणारी बस शोधायला निघाला. कोपऱ्यावर त्याला रांग दिसली. त्या देशात रांग दिसली की माणूस आधी तिच्यात उभा राहतो. ती कशाची आहे हे पुढे कळतंच. विचारायचं मात्र नाही. विचारणं म्हणजे पुढच्याच्या अंगावर शिंकण्यासारखं. इद्वल उभा राहिला. पुढेही काळी टोपी, मागेही काळी टोपी. रांग बससाठी थांबायचं सोडून एका दारात शिरली, जिना चढली, एका बोळातून वळली. ही बस नाही, हे इद्वलच्या जिन्यातच लक्षात आलं होतं. पण रांग सोडून उलटं उतरायचं म्हणजे मागच्या प्रत्येकाला सांगायचं, की मी चुकलो. त्यापेक्षा पुढे जाऊन जे काय असेल ते घेऊन यावं, मग ती देवीची लस का असेना, असा त्याने विचार केला.

बोळाच्या टोकाला मिस क्रम नावाच्या बाई टेबलामागे बसल्या होत्या. चेहरा असा, की त्यांनीच जगाला वेळेवर उठायला शिकवलं असावं.

"तुमचं नाव लावून घेऊ?"

"माझी काही हरकत नाही."

"बाहेरगावी जावं लागेल."

"मला जायचंच आहे," इद्वल म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढे अबरवेन होतं.

आतल्या खोलीत मेजर फिंच-टॅलबट बसले होते. गुप्त हेरखात्याच्या त्या शाखेचे ते प्रमुख. शाखा इतकी गुप्त, की तिला खर्चाला पैसे द्यायचे हे सरकारच्याही लक्षात राहत नसे. सकाळपासून त्यांच्यापुढे येऊन गेलेल्यांपैकी एकाने आपण सात भाषा बोलतो म्हणून सांगितलं होतं, दुसऱ्याने आपण हाताने वीट फोडतो म्हणून, आणि ती फोडूनही दाखवली होती. तुकडे अजून सतरंजीवर होते. इद्वल ते ओलांडून खुर्चीवर बसला आणि खोका मांडीवर घेतला.

"स्वतःबद्दल सांग," मेजर म्हणाले.

इद्वलने पुष्कळ विचार केला. सांगण्यासारखं काही सुचेना.

मेजर पुढे वाकले. "खोक्यात काय आहे?"

टोपी आहे म्हटलं तर कुणाची, का, मागच्या टोपीचं काय झालं, हे सगळं आलं. इद्वलच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तो गप्पच.

"बघा मिस क्रम," मेजर हळू आवाजात म्हणाले, "वाघ आहे. नखं उपटली तरी बोलायचा नाही."

आता मात्र हद्द झाली होती. साहेब, काहीतरी घोटाळा होतोय, मी टोप्या विकतो, एवढं म्हणायला इद्वलने तोंड उघडलं, आणि नेमका त्याच क्षणी मिस क्रमनी त्याच्या हातात चहाचा कप दिला. झालं. तिथली रीत अशी, की एकदा एखाद्याचा चहा प्यालात की तो संपेपर्यंत त्याला वाईट वाटेल असं बोलायचं नाही. आणि संपल्यावर तर मुळीच नाही, कारण मग आपण फक्त चहासाठी आलो होतो असं दिसतं. इद्वलने चहा संपवला. संपेपर्यंत तो ब्रिटिश सरकारचा हेर झाला होता.

काम सोपं होतं. पूर्वेच्या किनाऱ्यावर फेलिंगचं बंदर, बंदरावर चहाचं हॉटेल. शनिवारी दुपारी तिथे जायचं. खात्याने दिलेली काळी टोपी दाराजवळच्या खुंटाळीला, उजव्या कोपऱ्यातल्या खुंटीला टांगायची आणि चहा पीत बसायचं. एक माणूस येईल आणि त्या टोपीच्या आतल्या पट्टीत फिल्मचा बारीक तुकडा सरकवून जाईल. तो कोण ते बघायचं नाही. मग टोपी डोक्यावर ठेवायची, बाहेर उभ्या असलेल्या मोटारीत मेजरना नेऊन द्यायची, की इद्वल मोकळा. रविवारी वेळेवर घरी पोचता येईल का, एवढंच त्याने विचारलं. मेजरना वाटलं हा कसला तरी सांकेतिक प्रश्न आहे. त्यांनी सांकेतिक मान हलवली.

शनिवारी फेलिंगच्या हॉटेलात पाय ठेवताच इद्वलने खुंटाळी बघितली आणि त्याचा जीव घाबरा झाला. डझनभर टोप्या, आणि एक धड टांगलेली असेल तर शपथ. कुणी काठाने लटकवलेली, कुणी एकीत एक कोंबलेली. त्यांतल्या निम्म्या टोप्या आपल्या हेरांच्या, निम्म्या पलीकडच्या, म्हणजे शत्रूच्या, हेरांच्या. सगळे जण वर्तमानपत्राआड तोंड घालून बसलेले. त्या दिवशी हॉटेलात खरं गिऱ्हाईक एकही नव्हतं म्हणतात. इद्वलने खात्याची टोपी कोपऱ्यात टांगली आणि चहा मागवला. पण त्याचे डोळे खुंटाळीवरून हलेनात. तेवढ्यात एका बाईने आपली ट्रंक त्याच्या खोक्यावर ठेवली. इद्वल बाईला काही बोलला नाही. ट्रंकेखालून हलकेच खोका ओढला, हॉवेल्सची टोपी चेपू नये म्हणून बाहेर काढली आणि खुंटाळीपाशी गेला. तिथे त्याच्या हातांनी त्याला विचारलंच नाही. दोन मिनिटांत सगळ्या टोप्या पुसून, फुंकून, आकाराप्रमाणे लागल्या. सगळ्यांत मोठी उजव्या कोपऱ्यात. सगळ्यांत मोठी कुणाची, ते तुम्हाला ठाऊक आहे.

मग तो सुखाने चहा प्याला. कोण आलं, कोण गेलं, बघितलं नाही; तसा हुकूमच होता. निघताना खात्याची टोपी डोक्यावर, हॉवेल्सची खोक्यात. बाहेर मोटारीत मेजरना टोपी दिली, मेजरनी पट्टी उलटी करून बघायच्या आत हा स्टेशनकडे पळालासुद्धा. पट्टीत काही नव्हतं. तेव्हा मेजरना त्याच्या हातातला खोका आठवला.

आतल्या एकाने मात्र सगळं बघितलं होतं. ते मिस्टर लेनर्ड स्पर्लिंग. नाव इंग्रजी, चेहरा इंग्रजी, गुडघेदुखीसुद्धा इंग्रजी, माणूस पलीकडचा. तरुणपणी त्याला इंग्लंडात पेरलं होतं, तो तिथेच उगवून मोठा झाला. बागेत गुलाब, खिशात पिस्तूल. फिल्म कुठल्या टोपीत गेली ते त्याने वर्तमानपत्राच्या कडेवरून पाहिलं, आणि इद्वलच्या मागोमाग त्याच गाडीत, त्याच डब्यात, अगदी समोर येऊन बसला.

डब्यात दोघंच. खोका इद्वलच्या मांडीवर. स्पर्लिंगने वर्तमानपत्र उघडलं आणि त्याच्याआड पिस्तूल काढलं. आता फक्त एक वाक्य बोलायचं होतं. पण अनोळखी माणसाशी गाडीत आपण होऊन बोलायचं कसं? हवेबद्दल सुरुवात करावी, तर पुढे पिस्तुलावर यायचं कसं? तो शब्द जुळवत होता, तोवर इद्वलने सँडविचची पुडी सोडली.

"घेता का? चीज आणि लोणचं आहे. जरा दबलंय."

"नको, नको. तुम्हाला कमी पडेल."

"दोन आहेत. माझी काही हरकत नाही."

स्पर्लिंगने पिस्तूल खिशात घातलं, कारण सँडविच धरायला हात हवा होता. आणि एकदा माणसाचं लोणचं खाल्ल्यावर त्याच्यावर पिस्तूल रोखायला मनाचा जो कोडगेपणा लागतो, तो त्याच्याजवळ उरला नव्हता. बरीच वर्षं झाली होती इंग्लंडात.

"खोका फार जपता," तो म्हणाला.

परक्याला सांगणं सोपं असतं. इद्वलने सगळं सांगितलं. टोपी, टोपीवर बसणं, नेस्टा, खिळेवाला गॉफ, रविवारचा चहा. हेरखात्याचं तेवढं सांगितलं नाही. ते गुप्त होतं म्हणून नव्हे, त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही.

स्पर्लिंग ऐकता ऐकता पुढे सरकला. "अहो, मग अडतं कुठे?"

"त्यांच्यापुढे उभा राहिलो की जीभ टाळ्याला चिकटते."

"माझ्यावर सराव करा. समजा, मी हॉवेल्स."

"तुमचं डोकं लहान आहे."

"डोक्याचं राहू द्या हो. विचारा."

इद्वलने घसा साफ केला. "मिस्टर हॉवेल्स, ही तुमची टोपी."

"छान. पुढे?"

"पुढे... माझी काही हरकत नाही."

"तुमची हरकत कोण विचारतोय? त्यांची आहे का ते विचारा. आणि मधे कुणी आलं, काही झालं, तरी थांबायचं नाही. एकदा तोंड उघडलं की गाडी पुढेच न्यायची." मग खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, "मी तरुणपणी एकीला विचारायला हवं होतं. माझ्या धंद्यात ते बसत नव्हतं."

"कसला धंदा तुमचा?"

"फिरतीचा."

गाडी अबरवेनला लागेपर्यंत त्यांनी सराव केला. उतरताना इद्वल म्हणाला, "उद्या उपासनेला याल का? आमचे पाळक प्रॉसर ऐकण्यासारखे आहेत. तुम्ही असलात तर मला धीर येईल." स्पर्लिंगला खोक्याच्या मागे राहायचंच होतं. तरी तो 'येतो' म्हणाला तेव्हा त्याचा आवाज थोडा जड झाला होता. त्याला आजवर आपण होऊन कुणी कुठे बोलावलं नव्हतं.

रविवारी देऊळ कोबी, भोपळे आणि सफरचंदांनी भरून गेलं होतं. दारातच इद्वलने हॉवेल्सच्या हातात टोपी ठेवली. त्यांनी ती घालून बघितली. बसली. "हं," ते म्हणाले. एवढं बोलून ते आत गेले आणि टोपी बाकाखाली ठेवली. पुढचं वाक्य राहूनच गेलं. त्या बाकामागच्या बाकावर स्पर्लिंग येऊन बसला.

पाळक गेथिन प्रॉसर उभे राहिले. निमित्त सुगीचं असो, लग्नाचं असो, मयताचं असो, प्रॉसर शेवटी योनाकडेच यायचे, म्हणजे देवाचा हुकूम टाळून पळालेल्या आणि माशाने गिळलेल्या बायबलातल्या योनाकडे. आधी साधं बोलायचे, शेजारी बोलावा तसं. मग एखाद्या शब्दावर आवाज जरा थबकायचा, वर चढायचा, आणि बघता बघता बोलण्याचं गाणं व्हायचं. कुठे बोलणं संपलं आणि कुठे सूर लागला, कुणाला सांगता यायचं नाही. म्हाताऱ्या डुलायला लागायच्या. साक्षात देवसुद्धा त्या वेळी हातातलं काम बाजूला ठेवत असेल.

"देवाने त्याला सांगितलं पूर्वेला जा," प्रॉसर गाऊ लागले, "आणि तो निघाला पश्चिमेला. कुठे निघालास, योना? अरे, कुठे निघालास?"

इद्वलला वाटलं हे आपल्यालाच. त्याच वेळी बाकाखालून स्पर्लिंगचा बूट हळूहळू टोपीकडे सरकत होता. "तुला वाटलं कुणी बघत नाही," प्रॉसरांचा आवाज छपराला लागला, "तू तळाशी जाऊन लपलास. पण तो बघतोय, योना, तो बघतोय." बूट जागच्या जागी थिजला. पलीकडे त्याला देव नाही म्हणून शिकवलं होतं. पण तिथे प्रॉसरही नव्हते.

आणि दार करकरलं. मेजर फिंच-टॅलबट आणि मिस क्रम. मिस क्रमनी नोंदवलेल्या पत्त्यावर, रात्रभर मोटार हाकत, तीनदा वाट चुकून ते येऊन पोचले होते. उशिरा आलेल्यांसाठी जागा होती ती फक्त सगळ्यांत पुढे, प्रॉसरांच्या नाकासमोर. मेजरनी लढाईत शत्रूचा तोफखाना ओलांडला होता म्हणे. पण दोन्हीकडच्या बाकांवरून वळलेल्या त्या नजरांमधून चालत जाताना तो माणूस निम्मा झाला. एकदा बसल्यावर उठायची सोय नव्हती. प्रॉसरांनी त्यांच्याकडे बघत योनाला आणखी अर्धा तास माशाच्या पोटात ठेवलं.

मग चहा. देवळामागच्या खोलीत लांब टेबल, टेबलाच्या टोकाला पितळेचं मोठं चहापात्र. सुगीच्या दिवशी चहा मुख्य पंचांनीच ओतायचा आणि सगळ्या गावाने रांगेत येऊन घ्यायचा, अशी रीत. हॉवेल्सनी टोपी शेजारी टेबलावर ठेवली आणि बाह्या वर केल्या. नेस्टा मनुकांचा पाव कापत होती. ह्यूबर्ट गॉफ पाव घेऊन बाजूला झाला होता आणि त्यातल्या मनुका मोजत असावा. रांग भिंतीला लागून दारापर्यंत गेली होती. शेवटी मेजर आणि मिस क्रम, कारण ते शेवटी आले होते. मेजरची नजर टोपीवर खिळलेली, पण पुढे वीस-पंचवीस माणसं होती, त्याला काय करणार?

रांग सरकत सरकत इद्वलचा नंबर आला. पुढे कुणी नाही. नेस्टाची सुरी थांबली.

"दूध?" हॉवेल्सनी विचारलं.

इद्वलने तोंड उघडलं. जीभ टाळ्याला चिकटली. नेस्टाने मान खाली घातली आणि पाव कापायला घेतला. ती सुरी पावावर ज्या तऱ्हेने पडली, ती बघून इद्वलला सोमवार दिसला.

तेवढ्यात रांगेच्या बाजूने, सगळ्यांना ओलांडून, एक माणूस सरळ टेबलाशी आला. स्पर्लिंग. चेहरा पांढराफटक. आता नाही तर कधीच नाही, हे त्याला कळलं होतं. "क्षमा करा, जरा ही टोपी बघू," असं म्हणत त्याने इद्वलच्या अंगावरून हात पुढे केला.

इद्वलने त्या हाताकडे बघितलं. मागे उभ्या असलेल्या सगळ्या गावाकडे बघितलं. इतकी वर्षं तो रांगेत उभा होता. त्याची पाळी आज, आत्ता आली होती. त्याच्या आत खालच्या पट्टीतलं काहीतरी हललं.

"माझी हरकत आहे," इद्वल म्हणाला.

टेबलावरचे कप किणकिणले. चहापात्र तेवढं फुसफुसत राहिलं.

"इथे रांग आहे," तो पुढे म्हणाला. "माझी पाळी आहे. तुम्ही मागे उभे राहा."

स्पर्लिंगचा एक हात टोपीपासून चार बोटांवर होता, दुसरा पिस्तुलाच्या खिशात. नव्याने आला होता तेव्हा त्याने टोपी हिसकावली असती, दोघांना लोळवलं असतं आणि खिडकीतून उडी मारून बोट गाठली असती. पण सगळी खोली त्याच्याकडे बघत होती. रागाने नव्हे, एक म्हातारी बाई नुसती हलकेच खाकरली होती. स्पर्लिंग मानेपासून केसांपर्यंत लाल झाला. "अरेरे," तो पुटपुटला, "माफ करा. माझं लक्षच नव्हतं." आणि निमूट रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. मेजरच्या मागे.

पण गाडी एकदा पुढे निघाली की थांबवायची नाही, असं इद्वलला त्याच माणसाने शिकवलं होतं. तो हॉवेल्सकडे वळला. "आणि मिस्टर हॉवेल्स, मला नेस्टाशी लग्न करायचं आहे. तुमची काही हरकत आहे का?"

हॉवेल्सनी कप भरला. बशी खाली ठेवली. सावकाश म्हणाले, "मला वाटलंच होतं, तू कधीतरी विचारशील. मागच्या वर्षी माझ्या टोपीवर बसलास, तेव्हा म्हटलं आता विचारतोय. उठून गेलास."

"म्हणजे हरकत..."

"माझी कधीच नव्हती. मला कुणी विचारलं नाही. दूध किती, तेवढं सांग, मागे लोक खोळंबलेत."

नेस्टा टेबलाला वळसा घालून इकडे आली. तिच्या हातात अजून सुरी होती म्हणून सगळ्यांनी जरा वाट करून दिली. गॉफ म्हणाला, "मग मी आणखी एक पाव घेतो," आणि घेतला.

तिकडे रांगेच्या टोकाला मेजरनी मान न वळवता विचारलं, "स्पर्लिंग ना?"

"हो. आणि तुम्ही फिंच-टॅलबट."

"खरं तर तुम्हाला पकडायला हवं. पण आता लगेच म्हणजे..."

"नाही नाही, आधी तुमचा चहा होऊ द्या."

"तुमचाही होऊ द्या. रात्रभराचा प्रवास झाला असेल."

"मी गाडीने आलो. तुमचाच माणूस बरोबर होता. फार चांगला आहे हो."

मिस क्रमनी स्पर्लिंगच्या खिशातून पिस्तूल काढून आपल्या पर्समध्ये, रुमालाखाली ठेवलं. दोघांनीही त्यांचे आभार मानले. मग तिघं रांगेतून सरकत सरकत टेबलाशी आले, हॉवेल्सच्या हातचा चहा प्याले, मनुकांचा पाव खाल्ला. मेजरनी हॉवेल्सची परवानगी मागून टोपीच्या पट्टीतून फिल्मचा तुकडा काढून घेतला. त्यात एका अजस्र पाणबुडीचा आराखडा होता. पुढे कळलं की ती पाणबुडी तरंगत नाही. आणि जी तरंगत नाही ती बुडाल्यावर वरही येत नाही, म्हणून पलीकडच्या सरकारने तो बेतच सोडून दिला होता. ते असो.

जाताना मेजर इद्वलला म्हणाले, "प्रॉबर्ट, तुझ्यासारखा माणूस मी पाहिला नाही. त्याला लोणचं खाऊ घालून घरापर्यंत आणलंस, आणि एका वाक्यात मोडलंस. कायमचा ये खात्यात."

"नाही," इद्वल म्हणाला. इतकं सोपं निघेल असं त्याला वाटलं नव्हतं. "मी टोप्या विकतो, साहेब. तुमच्या जिन्यात बससाठी शिरलो होतो."

मेजर हसले. एवढ्यावरही हा खरं सांगत नाही, म्हणून त्यांचा आदर आणखी वाढला.

स्पर्लिंग मोटारीत मागे बसला होता. इद्वल खिडकीशी गेला. आपण कुणाला मागे उभं केलं हे त्याला आता उमगलं होतं, आणि हातातल्या पावाचं काय करावं ते सुचत नव्हतं. शेवटी त्याने तो तसाच आत दिला.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"चांगलं झालं माहीत नव्हतं ते. वाक्य छान झालं. 'हरकत'वर जोर दिलात, तो फार योग्य." स्पर्लिंगने पाव गुडघ्यावर ठेवला. "तुमचे ते प्रॉसर दर रविवारी असेच गातात?"

"दर रविवारी."

"योनाचं पुढे काय झालं ते मी नीट ऐकलं नाही. माझं लक्ष टोपीत होतं."

मोटार सुटायच्या आत प्रॉसर स्वतः आले, दारावर कोपर टेकून उभे राहिले आणि उरलेली कथा त्यांनी स्पर्लिंगला रस्त्यातच गाऊन सांगितली. मासा, किनारा, आणि पलीकडच्या नगरीवर देवाला आलेली दया. मेजरनी इंजिन बंद ठेवलं होतं.

इद्वल आणि नेस्टाचं लग्न झालं. घरी हरकती आता रोज निघतात, दोन्ही बाजूंनी. त्यांचं सोडा, ते सुखात आहेत. माझं मागणं दुसऱ्यासाठी आहे. तुम्ही कधी रांगेत उभे असाल, आपली पाळी लांब असेल, आणि मागे कुणी थकलेला, परका माणूस निमूट येऊन उभा राहील, तेव्हा लेनर्ड स्पर्लिंगची एवढी आठवण काढा. त्याने दुसऱ्याला बोलायला शिकवलं, आणि स्वतः मागे जाऊन उभा राहिला.